जुळे सोलापुरातलं घर, पुण्यातली नोकरी: घरच्या सर्व्हरला बाहेरून सुरक्षित कसं जोडायचं?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी नोकरीसाठी पुण्यात, आईबाबा जुळे सोलापुरात. घरी एका जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू टाकून सर्व्हर केलाय. त्यावर इमिच हे फोटो साठवायचं अ‍ॅप आहे (घरातले सगळे फोटो, आजोबांच्या काळातले स्कॅन केलेलेसुद्धा), होम असिस्टंट (घरातली यंत्रं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) आहे. शिवाय गेटवरच्या दोन कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) त्याच नेटवर्कवर आहे.

होम असिस्टंट कशासाठी, हे सोलापूरकरांना सांगायला नको. नळाला रोज पाणी नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशीही वेळ पक्की नसते. हौदात आणि गच्चीवरच्या टाकीत पातळी मोजणारे सेन्सर बसवलेत, मोटार रिलेवर (सर्व्हरच्या हुकमानं चालणाऱ्या स्विचवर) घेतलीय. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांनी टाकी बघायला जिना चढू नये एवढाच हेतू. घरात वायफायवर सगळं झकास चालतं. मला ते पुण्यातून बघायचंय आणि काही अडलं तर इथूनच नीट करायचंय.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी सर्व्हरकडे वळवणं) करून पाहिलं, बाहेरून काहीच उघडत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.७२ ने सुरू होणारा दिसतो आणि 'माझा आयपी' सांगणाऱ्या साइटवर भलताच. नेट केबलवाल्याकडूनच आहे. तो म्हणतो स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घ्या, महिन्याला वेगळे पैसे पडतील. घ्यावा का? की दुसरी वाट आहे? अट एकच: आईबाबांना काही करायला लागू नये.

हिप्परगा

तुझा राउटर खराब नाही आणि सेटिंगही चुकलेलं नाही. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते कॅरियर ग्रेड नॅटसाठी (सीजीनॅट) राखून ठेवलेत. आयपीव्ही४चे पत्ते संपत आले म्हणून एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने हा पट्टा वेगळा काढला. म्हणजे केबलवाल्याने एकाच सार्वजनिक पत्त्याच्या मागे बरीच घरं बसवलीत. तू तुझ्या राउटरमध्ये पोर्ट उघडलास, पण बाहेरून येणारी जोडणी त्याच्या यंत्रावर थांबते आणि तिथे तुझ्या नावाचा काही नियमच नाही. कितीही पोर्ट उघड, उपयोग शून्य.

स्टॅटिक आयपीचे पैसे अजून भरू नकोस. तुझ्या कामाला तो लागत नाही. आणि केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग आधी काढून टाक. आज ते निरुपयोगी आहे, पण उद्या केबलवाल्याने न सांगता सार्वजनिक पत्ता दिला तर तेच दार सगळ्या जगाला उघडं होईल.

पुढचं सांगण्याआधी दोन गोष्टी कळू दे. तुझ्याशिवाय आणखी कोण वापरणार? आणि मोटार 'बंद' करायचा निर्णय कुठे घेतला जातो, घरातल्या सर्व्हरवर की तुझ्या फोनवरून?

जुळे_सोलापूर

वापरणार मी, आणि बहीण हैदराबादला असते तिला फोटो हवेत. टाकी भरली की मोटार बंद करायचं ऑटोमेशन घरच्या सर्व्हरवरच आहे.

हिप्परगा

उत्तम. ते तसंच ठेव. हौद रिकामा झाला तर मोटार कोरडी फिरू नये, तोही नियम घरातच हवा, आणि रिलेला जास्तीत जास्त वेळेची मर्यादा घाल. नेट गेलं, पुण्याचा फोन बंद पडला, काहीही झालं तरी मोटारीला फरक पडता कामा नये. बाहेरून जोडणी म्हणजे बघण्याची आणि दुरुस्तीची सोय, घर तिच्यावर चालता उपयोगी नाही.

मागवाला

मधेच विचारतो, राग मानू नका. माझा टॉवेलचा कारखाना आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत. कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि टॅलीचा कॉम्प्युटर दोन्ही बाहेरून दिसायला लागतात, मी ऑर्डरीसाठी सारखा फिरतीवर असतो. कॅमेरे बसवणाऱ्या पोरानं राउटरमध्ये पोर्ट उघडून दिले. टॅलीसाठी रिमोट डेस्कटॉप, ३३८९ का काय म्हणतात तो. लई दिवस झाले, मस्त चालायलंय. मग हे सगळं व्हीपीएन का काय म्हणतात ते खासगी जाळं न् काय काय कशाला करायचं ओ?

साखरपेठ

दादा, हे वाचून होईपर्यंत थांबू नका, दिवाणजींना फोन करून राउटरमधले ते दोन्ही नियम आत्ता काढायला सांगा. मी नेटवर्क अ‍ॅडमिनचं काम करते. आमच्याकडे येणाऱ्या 'सगळ्या फायली लॉक झाल्या' या तक्रारींमध्ये उघडा रिमोट डेस्कटॉप पुन्हा पुन्हा सापडतो.

'आपला कारखाना कोणाला माहितेय' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तुमचा कारखाना शोधायला कोणी बसलेलं नसतं, सगळं इंटरनेट यंत्रंच चाळत असतात. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन दाखवलं. एका साध्या सर्व्हरवरून, एका गिगाबिट जोडणीवर, आख्ख्या आयपीव्ही४ इंटरनेटवरचा एखादा पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासून होतो. तुमचा ३३८९ उघडला त्याच दिवशी कुणाच्या ना कुणाच्या यादीत गेला असं धरून चाला. तो बदलून ३३९० केला तरी यादीत नवा आकडा येतो, बाकी काही बदलत नाही.

डीव्हीआरचं तर आणखी वाईट. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटनं (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेनं) लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले यूजरनेम-पासवर्ड तसेच ठेवल्यामुळे. रिमोट डेस्कटॉपमध्ये मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचा दोष जाहीर झाला. विंडोज ७ आणि त्याआधीच्या यंत्रांत लॉगिन न करताच आत शिरता येत होतं. पासवर्ड कितीही कठीण असता तरी उपयोग नव्हता. टॅलीच्या कॉम्प्युटरवर कुठलं विंडोज आहे तेही बघून सांगा.

स्टोरेज विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांची यंत्रंही यातून सुटलेली नाहीत. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डिस्क एकाएकी कोऱ्या झाल्या. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरनं क्यूनॅपच्या यंत्रांवरच्या फायली लॉक केल्या. त्या लोकांचा दोष एवढाच की यंत्र थेट बाहेर दिसत होतं.

मार्चअखेर टॅली उघडली आणि खंडणीची नोटीस दिसली तर काय, याचा विचार करा. राउटरमधलं यूपीएनपी पण बंद करा. नाहीतर एक दार तुम्ही बंद कराल आणि डीव्हीआर स्वतःच राउटरला सांगून दुसरं उघडेल.

मागवाला

बंद केलं. दिवाणजींनी फोनवर फोटो पाठवून दाखवलं, यादी रिकामी आहे. यूपीएनपी चालू होतं, तेही घालवलं. विंडोज ७ च आहे. आता मी कारखाना बघायचा कसा ते पण सांगा की.

साखरपेठ

सांगते. आधी टॅलीच्या डेटाची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली कॉपी हल्ला झाला की सोबतच जाते. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबलेत, तो कॉम्प्युटर बदलायचं मनावर घ्या. आणि राउटरमध्ये वॅन आयपी बघून सांगा, १०० नं सुरू होतोय का.

मागवाला

नाही, १०३ नं. साइटवर पण तोच दिसतो.

हिप्परगा

म्हणजे दादांकडे सार्वजनिक पत्ता आहे, जुळे सोलापूरकडे नाही. दोघांचे रस्ते वेगळे, तत्त्व एकच: सेवा बाहेर उघडायच्या नाहीत, आपण आधी खासगी जाळ्यात शिरायचं आणि मग आतल्या माणसासारखं सगळं वापरायचं.

दादांसाठी सरळ वायरगार्ड हा व्हीपीएन. जेसन डोनेनफेल्डनं लिहिलेला, मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नल ५.६ मध्ये आला, कोड आटोपशीर आहे, त्यामुळे तपासणाऱ्यांना तो पूर्ण वाचता येतो. मला त्याची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे तो अनोळखी पॅकेटला उत्तरच देत नाही. त्याचा पोर्ट, यूडीपी ५१८२०, उघडा असला तरी किल्ली नसलेल्याला तिथे काही आहे हे कळतसुद्धा नाही. पोर्ट चाळणाऱ्या यंत्राला 'नाही' असंही ऐकू येत नाही. पासवर्ड नाही, म्हणून पासवर्ड ओळखायचा प्रश्न नाही. प्रत्येक उपकरणाची खासगी किल्ली त्याच उपकरणात राहते, सार्वजनिक किल्ली दुसऱ्या टोकाला लिहायची. बऱ्याच नव्या राउटरमध्ये वायरगार्ड सर्व्हर आयता असतो, नसला तर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर पुरतो. दादांचा पत्ता बदलता असेल तर डकडीएनएससारखी डायनॅमिक डीएनएस सेवा (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी) लावा. राउटरवर एकच नियम: ५१८२० यूडीपी, बाकी काही नाही.

जुळे सोलापूरसाठी बाहेरून आत येणारी वाटच नाही, म्हणून आतून बाहेर जाणारी जोडणी वापरायची. याचे तीन प्रकार डोक्यात ठेव.

टेलस्केल वायरगार्डवरच बांधलेलं आहे. तुझा सर्व्हर आणि तुझा फोन दोघेही बाहेर जाऊन एका समन्वय सर्व्हरला आपली सार्वजनिक किल्ली आणि आपण कुठल्या पत्त्यावरून दिसतो ते सांगतात. मग दोघे एकमेकांच्या दिशेने एकाच वेळी यूडीपी पॅकेट पाठवतात. दोन्ही बाजूंच्या नॅटला वाटतं ही आपल्याच माणसाची परतीची पॅकेट आहेत, आणि थेट वाट तयार होते. जमलं नाही तर डर्प नावाच्या मधल्या सर्व्हरमार्फत जातं, पण तिथेही कूटबद्धच, मधल्याला उलगडता येत नाही. वैयक्तिक वापराला फुकट आहे.

दुसरा, मुंबईतल्या डेटासेंटरमधला छोटा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) भाड्याने घ्यायचा आणि त्यावर वायरगार्ड. घरचा सर्व्हर तिकडे जोडलेला राहतो, दर २५ सेकंदांनी एक पॅकेट पाठवतो (पर्सिस्टंट कीपअलाइव्ह) म्हणजे नॅट ती वाट विसरत नाही. सगळं आपल्या हातात, पण त्या व्हीपीएसची काळजी घेणं हे तुझं कायमचं काम.

तिसरा क्लाउडफ्लेअर टनेल. ब्राउझरमधून, काही इन्स्टॉल न करता उघडतं, स्वतःचं डोमेन लागतं. पण तिथे एचटीटीपीएस क्लाउडफ्लेअरच्या यंत्रावर उलगडतं आणि पुन्हा बांधलं जातं. म्हणजे मधल्याला तुझे फोटो दिसू शकतात. शिवाय फुकटच्या प्लॅनवर एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा आहे, बारशाचा लांबलचक व्हिडिओ इमिचमध्ये चढायचा नाही. घरच्या कॅमेऱ्यांसाठी मी तरी हा मार्ग सुचवणार नाही.

तू टेलस्केल घे. कारण तू पुण्यात आहेस, सोलापूरला काही बिघडलं तर हात लावणारं कोणी नाही, आणि त्यात बिघडण्यासारखं सगळ्यात कमी आहे.

शेंगाचटणी

पण भारतात व्हीपीएनवर बंदी आली होती ना २०२२ मध्ये? घरी असं काही लावलं तर उगाच कायद्याचं लचांड नको.

साखरपेठ

बंदी आलेली नाही. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेनं निर्देश काढले. व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची असं त्यात आहे. म्हणून काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले आणि 'बंदी आली' अशी हवा झाली. तुम्ही स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या घराला जोडताय, कोणाला सेवा विकत नाही. निर्धास्त लावा.

जुळे_सोलापूर

काल रात्री सर्व्हरवर टेलस्केल टाकलं (शेजारच्या दादाला बसवून स्क्रीन शेअर केली). फोनवर मोबाइल डेटावरून इमिच उघडलं, टाकीची पातळी दिसली. स्टेटसमध्ये 'डायरेक्ट' लिहून येतंय. आईला फोन करून सांगितलं, टाकी पाऊण भरलीय. ती म्हणाली तुला कसं कळलं!

दोन शंका. एक, टेलस्केलनंही सर्व्हरला १०० नं सुरू होणारा पत्ता दिलाय. केबलवाल्याच्या १०० शी भांडण होणार नाही ना? दुसरी, एनव्हीआरवर टेलस्केल टाकता येत नाही, म्हणून सर्व्हरला सबनेट राउटर (घरच्या बाकी यंत्रांपर्यंत वाट देणारा) केलं. घरी एनव्हीआरचा पत्ता १९२.१६८.१.५० आहे. मोबाइल डेटावर तो उघडतो, पण पुण्यात ऑफिसच्या वायफायवर तोच पत्ता टाकला तर ऑफिसच्या प्रिंटरचं पान उघडतं. टोनर किती शिल्लक आहे ते दाखवतंय.

हिप्परगा

पहिल्याचं: टेलस्केलनं मुद्दामच सीजीनॅटचा पट्टा वापरलाय, कारण तो घरच्या नेटवर्कात सहसा कोणी वापरत नाही. केबलवाल्याचा १०० तुझ्या राउटरपर्यंतच येतो, सर्व्हरला तो दिसत नाही. भांडण नाही.

दुसऱ्याचं: ऑफिसचं नेटवर्कही १९२.१६८.१ आहे. लॅपटॉपला तो पत्ता शेजारीच सापडतो, मग तो घरापर्यंत जाईल कशाला? याला घरचा पट्टाच बदलणं हा खरा उपाय. १९२.१६८.०, १९२.१६८.१ आणि १०.०.० हे सगळीकडे असतात, ते सोड. डॉकर (सर्व्हरवर अ‍ॅप चालवायचं साधन) १७२.१७ वापरतं, तोही सोड. १०.४७.२३ असं काहीतरी घे.

पण हे पुण्यातून करू नकोस. राउटरचा लॅन पट्टा बदलला की त्या क्षणी घरातलं प्रत्येक यंत्र पत्ता बदलतं, ज्यांना हाताने पत्ता दिलाय ती हरवतात, आणि तू बाहेर अडकतोस. संक्रांतीला गड्डा यात्रेला येणारच असशील ना? तेव्हा एक दुपार यासाठी ठेव. आधी एनव्हीआर, सर्व्हर, रिलेचा बोर्ड यांचे पत्ते कागदावर लिही, राउटरमध्ये मॅकनुसार (यंत्राच्या हार्डवेअर क्रमांकानुसार) आरक्षित कर, मग पट्टा बदल, आणि शेवटी टेलस्केलमध्ये जुना रूट काढून नवा मंजूर कर. हे मंजूर करणं बरेच जण विसरतात आणि मग 'सगळं केलं तरी चालत नाही' म्हणतात.

तोपर्यंत ऑफिसात असताना एनव्हीआरपुरता मोबाइल डेटा वापर. इमिच आणि होम असिस्टंट सर्व्हरच्या १०० च्या पत्त्यावर कुठूनही उघडतील.

आणखी एक, हे आजच कर: टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर सर्व्हरच्या नावापुढे 'की एक्स्पायरी' (किल्लीची मुदत) बंद कर. नेहमीची मुदत १८० दिवस असते. ती ऐन उन्हाळ्यात संपेल, सर्व्हर पुन्हा लॉगिन मागेल आणि समोर फक्त आईबाबा असतील. फोन आणि लॅपटॉपची मुदत मात्र राहू दे, ती हरवू शकणारी यंत्रं आहेत.

भुईकोट

सगळे सॉफ्टवेअरवर बोलताय म्हणून विजेचं मी लिहितो. सोलापुरात रिमोट अ‍ॅक्सेस बंद पडायला हॅकर कमी आणि लाइट जास्त कारणीभूत.

सर्व्हरच्या बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'एसी पॉवर लॉस' नंतर काय करायचं ते 'पॉवर ऑन' वर ठेवा. नाहीतर लाइट येऊनही डबा बंदच राहतो आणि बटण दाबायला कोणाला तरी सांगावं लागतं. राउटर आणि फायबरचा ओएनयू (फायबरची तार जिथे येते तो डबा), दोन्ही एका डीसी मिनी यूपीएसवर घ्या. लोक फक्त राउटर घेतात, ओएनयू भिंतीवर तसाच राहतो आणि वायफाय असून नेट नसतं. घेताना दोन्हींच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा. बारा व्होल्टचे जास्त असतात, पण नऊचेही मिळतात, चुकीची पिन लावली तर यंत्र जाईल.

जागाही बघा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि स्लॅबखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. सर्व्हर माळ्यावर ठेवू नका, खालच्या खोलीत, भिंतीपासून थोडा सुटा ठेवा.

एक मुद्दा लोकांना पटत नाही, पण मी मांडतोच. पूर्ण डिस्क कूटबद्ध केली तर लाइट गेल्यावर सर्व्हर सुरू होताना पासफ्रेज मागत काळ्या पडद्यावर थांबतो, टेलस्केलसुद्धा सुरू होत नाही. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम आणि होम असिस्टंट साध्या डिस्कवर ठेवा, फोटोंचं वेगळं विभाजन ल्युक्स या लिनक्सच्या साधनानं कूटबद्ध करा. लाइट आली की पाण्याचं काम आपोआप सुरू. फोटोंचं कुलूप तुम्ही पुण्यातून एसएसएचनं (दूरून सर्व्हरवर लॉगिन करून) उघडा. चोरानं डबा उचलून नेला तरी फोटो त्याच्या हाती लागत नाहीत.

साखरपेठ

भुईकोट यांचा हा विभागणीचा मुद्दा मला पूर्ण पटला.

आता आतली शिस्त. जाळ्यात शिरलेला प्रत्येकजण सगळीकडे फिरू शकतो असं ठेवू नका. बहिणीला फोटो हवेत, तर टेलस्केलच्या अ‍ॅक्सेस नियमांत तिच्या खात्याला सर्व्हरचा २२८३ एवढाच पोर्ट द्या (इमिचचा तोच असतो). मोटारीचा रिले तिच्या फोनवरून दिसायचं कारण नाही. टेलस्केलला ज्या गूगल खात्यानं लॉगिन करता त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी हवीच. तुमच्या घराची किल्ली आता ते खातं आहे.

कॅमेऱ्यांना आणि एनव्हीआरला इंटरनेटवर जाऊ देऊ नका. राउटरमध्ये त्यांच्या मॅकला बाहेरची वाट बंद करा. रेकॉर्डिंग घरात होतंय, बघणं टेलस्केलमधून होतंय, मग कॅमेऱ्यानं बाहेर कोणाशी बोलायची गरज काय?

उबुंटूवर दोन खड्डे आहेत. पहिला डॉकरचा. तुम्ही यूएफडब्ल्यू या फायरवॉलनं सगळं बंद केलं असं वाटतं, पण डॉकरनं उघडलेला पोर्ट आयपीटेबल्समध्ये आपला नियम आधी घालतो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून उघडाच राहतो. जे फक्त सर्व्हरवरच लागतं ते १२७.०.०.१ ला (सर्व्हरच्या स्वतःच्याच पत्त्याला) बांधा.

दुसरा एसएसएचचा. किल्ली तयार करून मुख्य कॉन्फिगमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन नो' लिहिलं, सेवा पुन्हा सुरू केली, तरी पासवर्ड चालतोच. कारण उबुंटू सर्व्हरमध्ये एसएसएचडी कॉन्फिगच्या डी फोल्डरात ५०-क्लाउड-इनिट नावाची छोटी फाइल असू शकते, तीत एकच ओळ असते: पासवर्ड ऑथेंटिकेशन येस. ती आधी वाचली जाते, आणि एसएसएचमध्ये जे आधी लिहिलेलं तेच चालतं. फायली वाचत बसू नका, एसएसएचडीला मोठ्या टी चा पर्याय देऊन चालवा, सध्या खरोखर लागू असलेली सगळी सेटिंग छापून येतात. त्यात 'नो' दिसलं तरच विश्वास ठेवा. आणि हे करताना एक एसएसएच खिडकी उघडी ठेवा, दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन जमलं की मगच पहिली बंद करा.

मागवाला

माझं वायरगार्ड बसलं! राउटरमध्येच होतं. नवा कॉम्प्युटर घेतला, टॅली त्यावर हलवली. आता अडचण अशी की हॉटेलच्या वायफायवर सगळं छान, पण मोबाइल डेटावर जोडणी झाली म्हणतंय, डीव्हीआरचं लॉगिन पान अर्धं येऊन थांबतंय, न् रिमोट डेस्कटॉप काळाच राहतोय.

हिप्परगा

लहान पॅकेट जातायत, मोठी अडतायत. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटवर स्वतःचं वेष्टण चढवतो, आयपीव्ही४ वर ६० बाइट, आयपीव्ही६ वर ८०. तो १५०० ची वाट गृहीत धरून आत १४२० ठेवतो. पण पीपीपीओईवर वाट १४९२ चीच असते, आणि मोबाइल नेटवर्कात त्याहून अरुंद असू शकते. फोनवर वायरगार्डच्या त्या टनेलमध्ये जा, इंटरफेसमध्ये एमटीयू १२८० लिहा. आयपीव्ही६ ला यापेक्षा कमी चालत नाही आणि टेलस्केलही हाच आकडा वापरतं. कारखान्याच्या बाजूलाही तेवढाच ठेवा.

मागवाला

चाललं! एका आकड्यानं काम झालं की ओ. मागाच्या खात्यातला कॅमेरा फोनवर स्वच्छ दिसायलाय.

फोनवरचं सगळंच इंटरनेट कारखान्यातून जातंय का आता? दिवाणजी म्हणतेत नेट हळू झालंय.

हिप्परगा

हो, फोनवर 'अलाउड आयपीज' मध्ये ०.०.०.०/० (म्हणजे सगळे पत्ते) असेल. त्याजागी कारखान्याचा पट्टा आणि वायरगार्डचा पट्टा एवढेच लिहा. मग टॅली आणि कॅमेरे तेवढे टनेलमधून, बाकी नेहमीच्या वाटेनं. रेल्वे स्टेशनच्या फुकट वायफायवर बँकेचं काम करायचं झालं तर सगळं टनेलमधून नेणारी दुसरी प्रोफाइल ठेवा.

जुळे_सोलापूर

गड्ड्याला आलो होतो, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा बदलला. आता ऑफिसातूनही एनव्हीआर उघडतो. मिनी यूपीएस लावला, बायोस बदललं, मेन स्विच पाडून बघितला. लाइट परत दिल्यावर टाकीची पातळी फोनवर आपोआप आली, फोटोंचं विभाजन मी एसएसएचनं उघडलं. साखरपेठ ताई, ती ५०-क्लाउड-इनिट फाइल खरंच होती, आत एकच ओळ.

आता शेवटचं विचारतो. फोन हरवला तर नेमकं काय करायचं? बहीण सारखी प्रवासात असते.

साखरपेठ

चांगला प्रश्न, आणि याची तयारी फोन हातात असतानाच करायची.

नियम: एक उपकरण, एक किल्ली. दादा, तुमच्याकडे हे जास्त महत्त्वाचं, वायरगार्डची एकच प्रोफाइल तुमच्या आणि दिवाणजींच्या फोनवर टाकली असेल तर वेगळी करा. एकच किल्ली दोन फोनवर असली की जोडणीही एकमेकांची तोडतात, आणि एक फोन हरवला तर दोघांनाही बाहेर काढावं लागतं.

हरवला की टेलस्केलवाल्यांनी कुठल्याही ब्राउझरमधून अ‍ॅडमिन पानावर जाऊन ते उपकरण काढून टाकायचं. वायरगार्डवाल्यांनी राउटरमधून त्या फोनचा पीअर (त्याची नोंद) पुसायचा. फोन चालू असला, अनलॉक असला तरी त्यानंतर तो घरापर्यंत पोचत नाही. मग गूगल खात्यातून त्या फोनचं लॉगिन काढा. शेवटी इमिच आणि होम असिस्टंटमध्ये त्या फोनची चालू सत्रं रद्द करा, कारण अ‍ॅप लॉगिन लक्षात ठेवतं.

दोन टप्प्यांच्या पडताळणीचे बॅकअप कोड छापून घरी कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. पडताळणीचं अ‍ॅप त्याच हरवलेल्या फोनवर असतं, आणि ऐन वेळी अ‍ॅडमिन पानच उघडत नाही. सिम बंद करायचा फोनही लगेच करा. तुमचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतील तर फोन ज्याच्या हाती आहे त्याला ते दिसू शकतात.

मागवाला

दिवाणजींची प्रोफाइल वेगळी केली आत्ताच. त्यांना फक्त डीव्हीआर दिला, टॅली नाही. ते कसं तपासायचं?

हिप्परगा

त्यांच्या फोनवरून, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर टॅलीच्या कॉम्प्युटरचा पत्ता रिमोट डेस्कटॉपमध्ये टाकून बघा. जोडणी नाकारली गेली पाहिजे. मग डीव्हीआरचा टाका, तो उघडला पाहिजे. टॅलीही उघडली तर लक्षात घ्या, 'अलाउड आयपीज' त्यांच्या फोनवर कमी करून भागत नाही, ते त्यांना परत वाढवता येतं. राउटरच्या फायरवॉलमध्ये नियम घाला: दिवाणजींच्या वायरगार्ड पत्त्यावरून फक्त डीव्हीआरकडे, बाकी बंद. राउटरच्या मॉडेलचा नंबर इथे लिहा, तो नियम कुठल्या पानावर घालायचा ते मी बघून सांगतो.